लाव्हा नाशकातच थांबला नव्हता

नागपुरातल्या आमच्या महाल भागात कोणी परगावाहून आलं की गल्ली दोनच गोष्टी विचारते: दर्शन नीट झालं का, आणि आमच्यासाठी काय आणलं. फेब्रुवारीत मी नाशिकहून परत आले तेव्हा दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. देवळात मी गेलेच नव्हते आणि पिशवीत मळक्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. मी नाशिकला भांडायला गेले होते. "मास्तरीणबाई, दारूच्या कारखान्यात गेल्या होत्या म्हणे?" असं ज्यांनी विचारलं त्यांना मी जिन्यातच उभं करून सांगितलं, हो, गेले होते, आणि वाटलं तर पुन्हा जाईन. बाकीच्यांसाठी आता सगळं नीट लिहून काढते. कारण गल्लीत जी कहाणी फिरते आहे, तिच्यात मी नाशकात पिऊन पडले असंही आहे.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. सावनेरजवळ आमच्या वडिलांची जमीन आहे, माझी आणि माझ्या धाकट्या भावाची, प्रभाकरची. तिच्यातल्या एका तुकड्यात मी हट्टानं वाईनची द्राक्षं लावायला लावली. ही खायची द्राक्षं नव्हेत. मणी लहान, काळाभोर, जाड सालीचा, आत बिया. चहूबाजूंनी संत्री आणि कापूस, आणि मधोमध हा आमचा मांडव. प्रभाकरनं वेली वाढवल्या, त्याच्या बायकोनं, शालूनं, बायामाणसं लावून छाटण्या करून घेतल्या, घड लागले, गोड झाले, आणि घ्यायला कोणी नाही. नागपूरची द्राक्षं म्हटलं की फोनवरचा माणूस आधी हसायचा आणि मग संत्र्यांचा भाव विचारायचा.

संक्रांतीला प्रभाकरनं मला तिळगूळ दिला आणि त्याच दमात म्हणाला, "ताई, हे साल शेवटचं. वाईनवाला कोणी हो म्हणाला तर वेली राहतीन. नाही म्हणाला तर एप्रिलच्या छाटणीच्या आधी मी ट्रॅक्टर घालतो अन् संत्रा लावतो. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं. त्याचंही खोटं नव्हतं. दर साली घाम गाळायचा आणि माल वेलीवर सुकू द्यायचा, हे कोणाला परवडतं?

पण माझं डोकं फिरायचं ते त्या हसण्यानं. नाशिकच्या वाईनवाल्यांच्या जाहिराती मी वाचत असते. जिथं तिथं ज्वालामुखीची माती, लाव्हाची माती, आणि ती जणू त्यांनीच घरी करून ठेवली आहे. अरे, तो लाव्हा नाशकात थांबला नव्हता. तो सगळा महाराष्ट्र तुडवत आमच्या नागपूरपर्यंत आला. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती टेकडी त्याच लाव्हाची. तिथं त्याचा पाय थकला. तिच्या पूर्वेला कुहीकडे गेलात तर खडक वेगळा, माती वेगळी, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. आणि पश्चिमेला सावनेर-काटोलकडे काळी चिकण माती, उन्हाळ्यात अशी भेगाळते की पोराची चप्पल आत जाते. वर्गात फळ्यावर हे मी इतक्यांदा काढलं आहे की झोपेतही काढीन. म्हणून ठरवलं की फोनवर हसून घ्यायचं बंद. पहिला तोडा झाला की द्राक्षं गाडीत घालायची आणि नाशिकच्या कोणाच्या तरी टेबलावर नेऊन ठेवायची.

सावनेर ते सिन्नर

गाडी माझीच, जुनी, आणि चालवणारीही मीच. प्रभाकर म्हणाला ड्रायव्हर कर. मी म्हटलं, ड्रायव्हर माझ्यावतीनं भांडणार आहे का? तेव्हा त्यानं शालूला सोबत दिली. शालू का येतेय ते तिनंच सावनेरच्या वेशीवर सांगून टाकलं.

"बाई, तुम्ही तिथं तोंड टाकसान अन् सगळं बिघडवसान. म्हणून मले धाडलं ह्यायनं."

"अन् तुले काय वाटते? वेली राहाव का जाव?"

"मले इचारसान तर संत्राच बरा," ती म्हणाली आणि काचेबाहेर बघू लागली. शालूचं माहेर काटोलचं, चार पिढ्या संत्र्यांच्या. तिच्या हिशेबी झाडाला सावली असली पाहिजे. द्राक्षाची वेल तिला नेहमीच आजारी माणसासारखी वाटत आली, सतत हात धरून चालवावी लागणारी.

समृद्धी महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही. तो सरळ आहे, त्यावर झोप येते, आणि चहा मिळायला फार वाट बघावी लागते. पण वर्धा ओलांडली की डोळे उघडे ठेवा. रस्त्यासाठी जिथं जिथं डोंगर कापला आहे तिथं काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाची एकेक लाट, मधे लाल मातीची पट्टी. डोंगरांचे माथे सपाट, आणि उतारांना पायऱ्या. मी गाडी हळू करून शालूला दाखवायला लागले. तिनं जांभई दिली आणि डब्यातली पाटवडी काढली. तिचं सांगणं असं की दगड कुठं पळून नाही राहिले, पाटवडी मात्र नरम पडून राहिली. पाटवडी छान झाली होती, ते कबूल करते.

मेहकरच्या अलीकडे चहाला थांबलो आणि तिथं पहिला घोटाळा कळला. मागचं दार उघडलं तर मधमाश्या. आधी थोड्या, मग भरपूर. सीटवर ओल, सीटखाली ओल, आणि क्रेटमधून गुलाबी पाणी ठिपकतंय. मी वरचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, बाजूला केलं. घड चकचकीत. द्राक्षावर जी पांढुरकी भुकटी असते, बोट फिरवलं की निघते ती, तिचा पत्ता नाही.

"शालू, हे ओले काहून वं?"

"धुतले न बाई. काल दुपारभर धुतले. मंग जुन्या पातळानं पुसले, अन् कुहीच्या मामाकडचं तणस घालून भरले. लोकायच्या घरी न्याचे, तर असेच धुळीचे न्याव का?"

संत्रावाल्यांच्या घरची ही रीत. बाजारात जायच्या आधी संत्रा धुवायचा, पुसायचा, चमकवायचा, गवतात निजवायचा. तिनं आमच्या द्राक्षांना माहेरची सगळी माया लावली होती. आणि वाईनच्या द्राक्षाला पाणी लावायचं नसतं. त्या पांढऱ्या भुकटीतच ती सूक्ष्म जिवांची जात बसलेली असते जी रसाची वाईन करते, असं मी वाचलं होतं. वरून ओली द्राक्षं तापल्या गाडीत फुटतात, आंबतात. ते घडायला लागलंच होतं.

मी शालूला बोलले. खूप बोलले. चहाच्या टपरीवरचे लोक चहा हातात धरून ऐकत होते. ती मधमाश्या हाकलत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "झालं तुमचं? मंग चला. उन्हं वाढून राहिले."

सिन्नरला महामार्ग सोडला तेव्हा गाडीत गोड आंबूस वास कोंदला होता आणि आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो.

बरणीतली माती

नाशिकरोडला माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा फ्लॅट रिकामा असतो. किल्ली शेजारी ठेवलेली होती, तिथं उतरलो. नाशिक थंड. फेब्रुवारीतही सकाळी बोटं वाकत नाहीत. आमच्याकडे तेव्हा पंखे सुरू झालेले असतात, त्यामुळे ही थंडी मला उगाचच श्रीमंती वाटली.

सकाळी मिसळ खाल्ली. नाशिकची माणसं मिसळीबद्दल असं बोलतात की आपण गप्प बसावं. मटकी छान, पापड छान, दही छान, आणि ताटात जिलेबीसुद्धा. पण तिखट कुठं आहे? शालूनं पर्समधून पुडी काढली, भिवापुरी तिखट त्या लाल रश्श्यात ओतलं आणि एका घासात तिचा चेहरा उजळला. पलीकडच्या टेबलावरचा गृहस्थ म्हणाला, "मावशी, जपून हं." शालू म्हणाली, "आमच्या तर्रीपोह्याले या एकदा, मंग तुम्ही जपा." त्यानंतर ती माझ्याशी बोलायला लागली.

दिंडोरीच्या बाजूला गावोगाव वाईनरी आहेत. मोठ्या ठिकाणी आमची गाडी फाटकावरच अडवली असती. मी मुद्दाम एक मधल्या आकाराची निवडली होती. नाव लिहीत नाही. बाहेर फुलझाडं, आत काचेची खोली, उंच स्टुलं, आणि काळा शर्ट घातलेला एक तरुण, जो लोकांना ग्लासात घोट घोट वाईन देऊन माहिती सांगत होता. काउंटरवर काचेच्या बरणीत काळी माती ठेवलेली. आम्ही दोघी मागे उभ्या राहिलो. स्टुलावर चढणं शालूला नऊवारीत जमण्यातलं नव्हतं.

"ही ज्वालामुखीची माती," तरुण बरणी उचलून म्हणाला. "लाव्हापासून बनलेली. ही फक्त आपल्या नाशिकमध्ये आहे, म्हणून आपल्या वाईनला ही खास चव येते."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं, शालू माझा पदर ओढत होतीच.

"बेटा, ती बरणी ठेव खाली," मी म्हटलं. "लाव्हाला तुमच्या जिल्ह्याची हद्द ठाऊक नव्हती. तो नागपूरपर्यंत आला. ही माती तुमची आहे तितकीच पुण्याची आहे, बुलढाण्याची आहे, अन् आमच्या सावनेरची आहे. आणि मातीची चव ग्लासात उतरते की नाही यावर शिकलेली माणसं अजून भांडून राहिली. तू एवढा ठामपणे सांगतोस, तर मला फळ्यावर काढून दाखव."

तो बिचारा हसला आणि म्हणाला, "मॅडम, आम्हाला असंच सांगायला सांगितलंय." लोक वळून बघायला लागले. आतल्या दारातून एक साठीपुढचे गृहस्थ बाहेर आले, पांढरा पायजमा, वर स्वेटर. सगळे त्यांना नाना म्हणत. वाईनरी त्यांचीच.

"कोण शिकवतंय आमच्या पोराला?" त्यांनी विचारलं.

"मी. नागपूरहून आले. लाव्हाची द्राक्षं आणली आहेत."

"नागपूरची द्राक्षं," नाना म्हणाले, आणि तसेच हसले, फोनवरचं हसणं. फक्त आता ते माझ्यासमोर होतं.

क्रेट आत आणायला लावले. नानांनी तणस बाजूला केलं, एक घड उचलला, उजेडात फिरवला आणि त्यांचं हसू थांबलं. मग दुप्पट जोरानं सुरू झालं.

"अहो, ही धुतलीत? पुसलीत? संत्री आहेत का ही?" त्यांनी आतल्या दोघा-तिघांना हाक मारून बोलावलं. "या रे, बघा, आंघोळ घालून आणलेली द्राक्षं."

सगळे हसले. शालूनं मान खाली घातली. आदल्या दिवशी मी तिला चारचौघांत फाडून खाल्लं होतं, पण ते मी. या लोकांचा तिच्यावर काय हक्क?

"धुतली," मी म्हटलं. "आमच्याकडे दुसऱ्याच्या दारी वस्तू न्यायची तर स्वच्छ करून नेतात. तुमच्याकडे पद्धत नसेल. हसून झालं असेल तर आता खाऊन बघा."

नानांनी एक मणी तोंडात टाकला. मग दुसरा. साल बराच वेळ चावत बसले, बिया तळहातावर काढून बघितल्या. खिशातून साखर मोजायची नळी काढली, तिच्यावर रस पिळला आणि डोळ्याला लावली. हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

"तोडा कधी करता?" त्यांनी विचारलं.

"उजाडायच्या आत," शालू म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. "ऊन चढलं का मणी नरम पडते. अन् तुमच्यापेक्षा आधी तोडतो आम्ही. आमच्याकडं थांबलं का सगळी साखरच होते, आंबट काही राहत नाही."

नाना तिच्याकडे बघत राहिले. "करून बघू एक ड्रम," ते म्हणाले. "पण धुतलेली आहेत, आपोआप फेसाळून उठणार नाहीत. मी माझं यीस्ट टाकतो."

"टाकाचं नाही," शालू म्हणाली. "मंग थे तुमचं होईन. आमच्या द्राक्षायच्या अंगात काय हाय थे पाहाचं हाय ना? मंग तसंच ठेवा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. संत्राच बरा म्हणणारी हीच का ती?

वाट बघण्याचे दिवस

मागच्या शेडमध्ये एका निळ्या ड्रममध्ये द्राक्षं पडली. फुटलेले, आंबलेले मणी शालूनं एक एक करून निवडून काढले, मग आम्ही दोघींनी हातांनी द्राक्षं चिरडली, सालांसकट, बियांसकट. माझे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. नानांचं म्हणणं, दोन-तीन दिवसांत फेस आला तर आला. नाही आला तर ड्रम ओतून द्यायचा आणि आम्ही गाव गाठायचं. गाव गाठायचं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना माहीत होतं. प्रभाकर ट्रॅक्टरवाल्याशी बोलून ठेवणाऱ्यांपैकी आहे.

दुसऱ्या दिवशी ड्रम नुसता बसून होता. झाकण काढलं की थंडगार रस, वास सरबताचा. नाना जाता जाता म्हणाले, "बघा, सांगितलं होतं मी." मला रडू यायला लागलं होतं आणि ते रागानं येत होतं. दुपारी शालूला घेऊन पांडवलेणी चढले, कारण तिथं तरी मला कोणी काही सांगणार नव्हतं. काळ्या कातळात कोरलेले विहार, गार ओसऱ्या, बुद्धाच्या शांत मूर्ती. हा कातळही तोच लाव्हा. माणसांनी छिन्नी घेऊन त्यात घरं केली, आणि तो कातळ कोण्या एका गावाचा आहे असं त्यांनी कुठं कोरून ठेवलेलं मला दिसलं नाही. तिथं एका पायरीवर बसून मी शालूला म्हटलं, "मी तुले मेहकरले जास्त बोलली."

"बोलल्या तर बोलल्या. पण बाई, थे रस थंडीनं उठून नाही राहिला," ती म्हणाली. तिचं डोकं ड्रमपाशीच होतं. "आपण विरजण लावतो, तर हिवाळ्यात भांड्याले काय करतो?"

"गुंडाळतो."

"मंग?"

संध्याकाळी आम्ही फ्लॅटमधली जाड सोलापुरी चादर आणि शालूची शाल घेऊन परत दिंडोरी गाठली. शेडमधल्या माणसांनी हसून घेतलं. शालूनं ड्रमला चादर गुंडाळली, वरून शाल, आणि माझ्या पेटीकोटाच्या नाडीनं घट्ट बांधलं. ज्या खोलीत चकचकीत स्टीलच्या टाक्या उभ्या होत्या तिच्या मागे आमचा ड्रम बाळंतिणीसारखा गुंडाळून बसला. नानांनी दारातून पाहिलं आणि ते निघून गेले.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा झाकण वर उचललेलं होतं. सालांचा थर फुगून ड्रमच्या तोंडाशी आला होता, गुलाबी फेस कडेनं ओघळत होता, आणि कान लावला तर आत बारीक चुरचुर. शालूनं कान लावला तो काढलाच नाही. "उठलं वं बाई," ती हळूच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले. लपवायला आजूबाजूला कोणी नव्हतं.

नाना म्हणाले, ते दुपारच्या उन्हानं उठलंच असतं, चादरीचा काही संबंध नाही. शालू म्हणाली, मग धुतलेलं उठत नाही म्हणाले होते त्याचं काय? यावर दोघांचं बराच वेळ चाललं. मी मध्ये पडले नाही.

पुढचे दिवस आम्ही रोज जायचो, लाकडी फळीनं सालांचा थर खाली दाबायचो. रंग आधी जांभळा, मग काळसर झाला. सरबताचा वास गेला आणि दुसराच काहीतरी आला, ओल्या लाकडासारखा, मिरीसारखा. आठवडाभरानं चुरचुर थांबली.

ग्लास

नानांनी ग्लास आणले, तीन. शालूनं आयुष्यात वाईनला तोंड लावलेलं नव्हतं. तिनं पदर सावरला, ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "तुरट हाय. जांभळाच्या सालीसारखं. पण खोटं नाही वाटत," ती म्हणाली.

मला काय वाटलं ते सांगते. कच्ची होती, जिभेला धरत होती, घशात गरम होती. नाशिकच्या गुळगुळीत वाईनपुढे ती रानटी वाटली. आणि मला ती फार आवडली. आमच्या उन्हात जे वाढतं ते असंच असायला हवं.

नानांनी दोनदा घेतली. खिडकीपाशी जाऊन रंग बघितला. मग म्हणाले, "बाई, हसलो ते चुकलो. एवढं अंग, एवढा भरीव घोट आमच्याकडं येत नाही. यंदाचा तुमचा सगळा माल मी घेतो. पुढच्या वर्षीचाही घेतो. भाव बरा देतो."

प्रभाकरची अट पुरी झाली होती. वेली वाचल्या होत्या. 

"आमच्या गावाचं नाव कुठं येईन, नाना?" शालूनं विचारलं.

"नाव?"

"बाटलीवर."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी शिकलेली म्हणून मला पटेल. "ताई, खोटं बोलत नाही. ही आमच्या मालात मिसळायची. बाटलीवर नाशिकच येणार. दुकानात गिऱ्हाईक बाटली फिरवून नाशिक शोधतं. सावनेर वाचलं की परत ठेवतं. मी ठेवीन सावनेर, पण कोण घेणार?"

खरं सांगते, माझ्या तोंडात हो आलं होतं. एवढं भांडून, एवढं बोलून, मी हो म्हणणार होते. वेली राहणार होत्या. नावाचं पुढे बघता आलं असतं. माणूस दमतो.

"नाही," शालू म्हणाली. "आमचे द्राक्षं पाहिजे अन् नाव तुमचं पाहिजे. हे नाही जमाचं."

"शालू," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही आयुष्यभर लेकरायले शिकवलं का नकाशात आपलं गाव कुठं हाय. अन् आता पुसाले निघाल्या?" ती नानांकडे वळली. "तुम्ही भले माणूस. हसले, पण मागून माफीबी मागतली. तरी नाही. हे वाईन सावनेरची. सावनेरची म्हणून ठेवसान तर ठेवा, नाही तर राहू द्या."

नानांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "विचार करा. रस्ता लांबचा आहे."

"विचार झाला," मी म्हटलं. आता मला म्हणता आलं.

ड्रम आम्ही तिथंच सोडला. वाईन तशी गाडीत घालून जिल्हे ओलांडता येत नाही, कायद्याचं मला कळतं. पण निघायच्या आधी काउंटरवरच्या त्या तरुणाकडून खडू मागितला. टाक्यांवर लिहायला त्यांच्याकडे असतोच. निळ्या ड्रमवर मोठ्या, स्पष्ट अक्षरात लिहिलं: सावनेर. खाली जिल्हा नागपूर. तरुणानं विचारलं, पुसलं तर? मी म्हटलं, पुसलंस तर मी येते परत.

घर

 परतीच्या वाटेवर मला भीती वाटत होती, ते सांगायला हवं. मी भावाला शब्द दिला होता आणि हातातला सौदा सोडून आले होते. शालूनं तिच्या नवऱ्याला काय सांगायचं ते ठरवलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

प्रभाकर मांडवाखालीच होता. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं, रिकामे क्रेट पाहिले, आमचे चेहरे पाहिले.

"म्हणजे कोणी घेतले नाही," तो म्हणाला.

"घेतले," शालू म्हणाली. "आम्ही दिले नाही."

तिनं त्याला सगळं सांगितलं. मी मध्ये बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं ते ज्यांनी मला वर्गात पाहिलं आहे त्यांना कळेल. प्रभाकर ऐकत होता आणि वेलीची साल नखानं खरवडत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "मंग अट तशीच राहिली. एप्रिलच्या आधी ट्रॅक्टर." शालूनं रिकामे क्रेट उतरवले. घरात गेली आणि स्वयंपाकाला लागली.

राहिलेला माल आम्ही तोडला. काही सावनेरच्या बाजारात बसून विकला, पोरं बिया थुंकत पळाली. उरलेला माझ्या महालातल्या गच्चीवर वाळत घातला. शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, आता मनुकांची पण दारू होते का? मी म्हटलं, होत असेल तर तुम्हालाच पहिली.

परवान्यासाठी मी चकरा मारते आहे. आपल्याच शेतात, आपल्याच शेडमध्ये, आपल्या नावानं वाईन करायची. ऑफिसातला साहेब म्हणाला, मॅडम, नागपुरात वाईन? मी त्याच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसले. त्याला सीताबर्डीच्या टेकडीपासून सगळं सांगितलं. तो आता मला पाहिलं की आधीच चहा मागवतो.

एप्रिल आला. सावनेरला दुपारी बाहेर उभं राहवत नाही असं ऊन. मी सकाळी लवकर पोचले, कारण ट्रॅक्टर येणार असेल तर मला वेलींपाशी असायचं होतं. शालू आधीच मांडवाखाली होती. डोक्याला पदर गुंडाळलेला, हातात कात्री, आणि एक ओळ पार बोडकी करून झालेली. छाटलेल्या काड्या तिच्या पायाशी पडल्या होत्या. छाटलेली वेल ही ठेवायची वेल असते. उपटायच्या वेलीला कोणी कात्री लावत नाही. मी दुसरी कात्री घेतली आणि पुढची ओळ धरली.

थोड्या वेळानं प्रभाकर आला. बांधावर उभा राहिला. आमच्याकडे पाहिलं, बोडक्या ओळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"तिसरी कात्री कुठं ठेवली?" त्यानं विचारलं.